विहिरीपासून चाळीस

कोलकाता,
३ नोव्हेंबर २००२

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र उशिरा लिहिते आहे. फोन तीनदा लावून पाहिला, तुमचा अजून मुकाच दिसतो. पौड रस्त्याची खोदाई संपेपर्यंत पत्रच बरं. राहण्याची सोय सॉल्ट लेकमध्ये, कंपनीच्या गेस्ट हाउसात आहे. काम हिंजवडीत करत होते तेच: शहराच्या जमिनीखालच्या पाण्याच्या नळांचे जुने नकाशे संगणकावर चढवायचे. तीन महिने लागतील. जेवणात रोज मासे असतात, म्हणून मी डाळ, भात आणि बटाटा खाते. स्वयंपाक्याने पहिल्याच दिवशी विचारलं, मासे खात नाही म्हणजे एवढ्या लहान वयात विधवा झालीस का. इथे विधवांना मासे वर्ज्य. लिंगायत आहे असं सांगितलं. ते त्याला त्याहून अवघड वाटलं.

आज रविवार. उद्या इथे कालीपूजा, ऑफिसातले सगळे बाजारात गेलेत. मी पार्क स्ट्रीटजवळची इंग्रजांची जुनी दफनभूमी बघून आले. प्रवाशांनी बघायच्या जागांच्या यादीत ती आहे. फाटकावर दरवानाने वहीत नाव लिहायला लावलं. भेटीचं कारण काय लिहू असं विचारलं, तर म्हणाला, सगळे ‘बघायला’ लिहितात. मीही तेच लिहिलं.

आत दाट झाडी आणि घराएवढ्या कबरी. काही पिरॅमिडसारख्या, काहींवर घुमट, काही नुसते उंच खांब. माणसं दोनशे वर्षांपूर्वी गेलेली. एका शिळेवर कोणाच्या तरी बायकोचं वय लिहिलं आहे: एकोणीस वर्षं, चार महिने, अकरा दिवस. दिवसही मोजलेले. तिथे मी बराच वेळ उभी होते. का, ते सांगता येत नाही.

आईच्या जागेवर गवत माजलं असेल. सोमवारी जाल तेव्हा जपून जा, ओढ्याकडची वाट निसरडी असते.

तुमचा लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची,
ज्ञानदा


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

भुकूम,
११ नोव्हेंबर २००२

चि. ज्ञानदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. स्वयंपाक्याचा प्रश्न शेजारच्या नलिनीबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, आता तरी पोरीसाठी काही बघा. मी म्हटलं, पोरगी स्वतःच बघते आहे, कबरी.

आता काळजीचं लिहितो. हैबतराव ओढ्याकाठचं शेत विकतो आहे. पुण्याचा कोणी बिल्डर घेणार, बंगले होणार. तुझी आई गेली तेव्हा, एवढ्या पावसात शहरातल्या रुद्रभूमीपर्यंत कसं न्यावं या विचारात मी होतो आणि तोच पुढे आला होता. आपल्यात पुरतात हे त्याला ठाऊकही नव्हतं. तरी म्हणाला, वैनी हितल्याच, माज्या शेतात ठिवा. तो शब्द त्याने आजही पाळला आहे. एवढी जागा सोडून भिंत घालायची, असं त्याने बिल्डरच्या माणसाला बजावलं. तो माणूस वीस डिसेंबरला भिंतीच्या आखणीचा चुना टाकायला येणार. म्हणाला, जागा नेमकी दाखवा.

मी करंजाखालची दाखवली, दर सोमवारी बेल वाहतो ती. खड्डा खणणारा बहिरू म्हणतो, न्हाई अप्पा, तितं न्हाई, विहिरीच्या अंगाला. त्याची जागा माझ्या जागेपासून आठ हात लांब. हैबतराव म्हणाला, तुमी दोगं आदी ठरवा, वैनीला वढू नगा. मी हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. तीन वर्षांत गवत, पूर, नांगर सगळं तिथून गेलं आहे. परक्याच्या जमिनीत चौथरा नको, माप लिहून ठेवलं आहे ते पुरे, असं तू म्हणाली होतीस. ते माप पाठव. भिंत कोणावरून जाईल या विचाराने चैन पडत नाही.

प्रकृतीस जप. आमची आठवण येवो न येवो, पत्र येऊ दे.

तुझा,
अप्पा


कोलकाता,
१७ नोव्हेंबर २००२

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. ती वही माझ्याजवळच आहे. त्या दिवशीचं पान उतरवते. बांधाच्या कोपऱ्यातला दगड ते खड्ड्याची खुंटी, २७ फूट. विहिरीचा कठडा ते खुंटी, ४० फूट. दगड ते कठडा, ५२ फूट.

एक दोरी सत्तावीस फुटांची करून दगडाला धरा, दुसरी चाळीसची विहिरीला. दोन्ही ताणल्यावर टोकं भेटतील ती जागा. टोकं दोन ठिकाणी भेटतात, आपली ओढ्याच्या बाजूची. टेप लोखंडी घ्या, कापडी ताणली जाते.

आज परत त्या दफनभूमीत गेले. कोण कुठे आहे हे कसं लक्षात ठेवतात, ते विचारायचं होतं. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने एक नकाशा दाखवला. मग भिंतीत बसवलेल्या काही शिळा दाखवून म्हणाला, या दुसऱ्या एका मोडलेल्या दफनभूमीतून आणल्यात. म्हणजे नाव इथे आणि माणूस तिकडे. मग यांचा उपयोग काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, दीदी, नाव पुसलं जाण्यापेक्षा चुकीच्या जागी असलेलं बरं. मला ते पटलं नाही. जागा बरोबर हवी. नाव नसलं तरी चालेल.

मोजून झाल्यावर लगेच कळवावं. आशीर्वाद असावेत.

तुमची,
ज्ञानदा


भुकूम,
२६ नोव्हेंबर २००२

चि. ज्ञानदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पिरंगुटला माझ्या जुन्या कारखान्यात जाऊन लोखंडी टेप मागून आणली. शनिवारी बहिरूला घेऊन मोजलं. तुझी टोकं ओढ्याच्या पात्रात भेटली, गुडघाभर पाण्यात. बहिरू पाण्यात उभा राहून म्हणाला, अप्पा, मी येडा आसंन, पर वड्यात खड्डा खंदण्याइतका न्हाई.

दुसरं असं की दगड ते विहीर तू बावन्न लिहिलं आहेस. टेप छत्तीस फूट दहा इंच दाखवते. तीनदा मोजलं. तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, पण एवढी तूट कधी पाहिली नाही.

आता माझी एक जागा, बहिरूची एक आणि तुझी एक. काल सोमवार होता. बेल घेऊन गेलो आणि कुठे ठेवावा ते कळेना. करंजाखाली ठेवायला हात होईना. तसाच परत आणला. तीन वर्षं मी कुठे डोकं टेकवत होतो, हेच समजेनासं झालं आहे.

तू हिशेबाची माणूस आहेस. काही सुचलं तर उशीर करू नकोस.

तुझा,
अप्पा


कोलकाता,
२ डिसेंबर २००२

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पान पुन्हा तपासलं. अक्षर माझं आहे, खाडाखोड नाही. तीन आकडे एकमेकांशी जुळतात, त्रिकोण नीट बसतो. विहीर हलत नाही. तेव्हा दगड हलला असला पाहिजे, पंधरा फूट दोन इंच. जमीन विकताना हद्दी सरकवतात असं ऐकलं आहे. हैबतरावकाकांना विचारावं. मला दुसरं कारण दिसत नाही.

काल दफनभूमीचा नकाशा आणि प्रत्यक्ष कबरी ताडून पाहिल्या. दोन ठिकाणी नकाशा चुकला आहे. कारकुनाला सांगितलं, तर म्हणाला, त्या दोघांनी अजून तक्रार केलेली नाही. मी एरवी हसले असते. परत येताना चुकीच्या बसमध्ये चढले आणि दोन थांब्यांनंतर ते लक्षात आलं. असं माझ्या हातून होत नाही.

रागावू नये. आशीर्वाद असावेत.

तुमची,
ज्ञानदा


भुकूम,
९ डिसेंबर २००२

चि. ज्ञानदा हिस,
आशीर्वाद.

तू लिहिलंस म्हणून हैबतरावाला विचारलं. विचारायला नको होतं, आणि चार माणसांत तर नकोच होतं.  तो म्हणाला, अप्पा, माज्या बापानं कुनाचा बांध कोरला न्हाई, आन् मी वैनीचा कोरीन व्हय? मला हाताला धरून शेतात नेलं, त्या दगडाभोवतीची माती उकरली. जुन्या झाडाची बोटाएवढी मुळं दगडाला विळखा घालून बसली आहेत. म्हणाला, ही बी मी कालच्याला लावली का, इचारा लेकीला. माझी मान वर होईना. जाताना म्हणाला, आता जागा तुमची तुमी दावा, मला मधी घेऊ नगा. वीस तारखेला न्हाई दावली तर भित सरळ जाईल.

बहिरू घरापर्यंत सोबत आला. गरीब माणूस, माझं मन रमवायला काहीबाही बोलत होता. म्हणे, त्या टेपीचं काय खरं हाय? त्या दिशी कुटं हुती टेप? मातीला आलेल्या स्वामींनी वैनीच्या पावलाएवढी काडी कापून दिली, नऊ काड्या लांब आन् पाच काड्या रुंद खंद म्हनले. म्या दिसभर तीच काडी धरून समदं मोजलं, आन् ताई लिवत हुती. मृताच्या पावलाने खड्डा मोजायचा ही आपली जुनी रीत, पण त्याला तिचं केवढं अप्रूप. मी म्हटलं, बहिरू, राहू दे आता.

माझं डोकं चालत नाही. वीस तारीख अकरा दिवसांवर आली.

तुझा,
अप्पा


कोलकाता,
१४ डिसेंबर २००२

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे. बहिरूमामा काहीबाही बोलत नव्हता. दगड हललेला नाही. चूक माझी आहे.

माझ्या वहीतले आकडे फूट नाहीत, काड्या आहेत. दगड ते विहीर बावन्न काड्या. तुमची टेप छत्तीस फूट दहा इंच दाखवते, म्हणजे चारशे बेचाळीस इंच. त्याला बावन्नने भागलं. साडेआठ आले, बाकी शून्य. आईचं पाऊल साडेआठ इंच होतं. मला हे माहीत नव्हतं.

आता दगडापासून १९ फूट दीड इंच धरा, आणि विहिरीपासून २८ फूट ४ इंच.

चूक कशी झाली तेही लिहायला हवं. बहिरूमामा आकडे ओरडून सांगत होता, मी वहीत उतरवत होते. ‘फूट’ तो म्हणाला नाही. तो शब्द मी घातला. त्याच्या हातात टेप आहे की काडी, हे मला दिसलं नाही, कारण मी खड्ड्याकडे पाठ करून बसले होते. शेवटपर्यंत वळले नाही. आईला खाली उतरवलं तेव्हाही नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. इथल्या कबरींकडे मी तासन्‌तास बघत बसते, त्यांवरचे दिवस मोजते. प्रवासी म्हणून आलेल्याला ते जमतं.

हैबतरावकाकांसाठी वेगळी चिठ्ठी सोबत ठेवली आहे. ती त्यांच्याच हातात द्या. तिच्यात कारणं दिलेली नाहीत, फक्त माफी मागितली आहे. चौथरा बांधावा. मी नको म्हणाले होते, ते मागे घेते.

या कागदाच्या मागे साडेआठ इंचांची रेघ काढली आहे, पूर्ण मापाची. बहिरूमामाला तिच्यावरून काडी कापू द्या. आधी टेपने मोजा, मग काडीने. दोन्ही एका जागी आलं नाही, तर काडीचं धरा.

तुमची,
ज्ञानदा


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

भुकूम,
२१ डिसेंबर २००२

चि. ज्ञानदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र एकोणीसला दुपारी आलं. चिठ्ठी घेऊन तसाच हैबतरावाकडे गेलो. त्याने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, लेक शिकलीय खरी, पर काडी धरायला बहिरूच लागतुया. मग आपणहून टोपी घातली आणि आमच्याबरोबर निघाला. टेपचं एक टोक त्याने धरलं.

टेपची जागा आणि काडीची जागा यांत चार बोटांचा फरक आला. काडीचं धरलं. माझ्या बसण्याच्या जागेपासून ती अडीच हात निघाली. तुझ्या आईला खड्ड्यातल्या ज्या कोनाड्यात बसवलं त्याचं तोंड पूर्वेला आहे, म्हणजे मी तीन वर्षं तिच्या पाठीमागे बसून बोलत होतो. बहिरू म्हणाला, वैनीला ऐकू गेलं आसंल का? मी म्हटलं, जन्मभर मागूनच हाका मारल्या, तिला सवय आहे.

काल बिल्डरचा माणूस आला. त्याने खुंटी पाहिली आणि विचारलं, किती जागा सोडायची. मी तोंड उघडायच्या आत बहिरू म्हणाला, नऊ आन् पाच. त्या माणसाने वहीत लिहून घेतलं, नऊ फूट बाय पाच फूट. हैबतरावाने माझ्याकडे पाहिलं, मी हैबतरावाकडे. तो खोकला आणि त्या माणसाला म्हणाला, काय लिवलं ते वाचून दावा. त्याने मोठ्याने वाचलं. आम्ही दोघांनी मान डोलावली. चुना पडला, सह्या झाल्या.

तीस वर्षांत कारखान्याचा एक खिळाही जास्तीचा घरी आणला नाही. ही जागा मात्र परत करणार नाही. काडीच्या मापाचा चौथरा बांधला की पूर्वेच्या अंगाला, तिच्यासमोर, अडीच फूट उरतात. लांबी पाच फूट. मी बसून पाहिलं. शेजारी आणखी एक माणूस बसतं.

जानेवारीत येशील तेव्हा आधी इथे ये, मग घरी जाऊ. आमची माया आहेच, तिला माप लावू नकोस.

तुझा,
अप्पा