मोटरसायकलची अट

२ फेब्रुवारी, रविवार

आज मोठा दिवस. हिने स्वतः दुकानात जाऊन खोका आणला आणि माझ्यासमोर ठेवला. आत मोटरसायकल. प्लास्टिकच्या बारीक तुकड्यांची, जोडून झाली की वीतभर होईल अशी. अट एकच. या घरात मी सुरू केलेली एक तरी गोष्ट पूर्ण करून दाखवायची, मग खरी मोटरसायकल घ्यायची. ओघाने गिटारचा, फोटोग्राफीच्या कोर्सचा आणि एकच दार बसवलेल्या कपाटाचा उल्लेख झाला. आईने शिवणयंत्रावरून मान न वळवता दुजोरा दिला. सासू-सून एक झाल्या की आपण वाद घालू नये.

अट मान्य केली. फार तर दोन रविवारांचं काम.

३ फेब्रुवारी

कंपनीच्या व्हॅनमध्ये मधली सीट. एका खांद्यावर घोरणारा, दुसऱ्या कानाशी स्वतःचं ब्लडप्रेशर सांगणारा. मग दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत बाटल्यांची झाकणं तपासायची. हे बसतं, हे बसत नाही. घरी यावं तर टीव्ही आणि शिवणयंत्र यांच्या मधल्या खुर्चीत. जीव गुदमरतो अगदी.

मोटरसायकल आली की सुटलो. किक मारायची आणि निघायचं. कुठे, ते वाटेत ठरवू.

८ फेब्रुवारी, शनिवार

सूचनांचा कागद वाचला. म्हणजे वरवर पाहिला. तो नवशिक्यांसाठी असतो. शिवाय खोक्यावरच्या चित्रासारखी गाडी कुणीही करील, त्यात माझं काय? मी कस्टम करणार. लांब हँडल, मागचं मडगार्ड कापलेलं, टाकी लालभडक. माझ्या स्वभावाला शोभेल अशी गाडी.

९ फेब्रुवारी

फ्रेमच्या दोन बाजू चिकटवल्या. काय ग्लू आहे! आता हत्ती उभा राहिला तरी सुटायची नाही. सोबत डाव्या हाताची दोन बोटंही चिकटली, पण ती आईने कोमट पाण्यात धरून सोडवली. ही दारात उभी राहून विचारत होती, किती राहिलं. म्हटलं, झाल्यातच जमा.

१६ फेब्रुवारी

इंजिन तयार. बारीक पट्ट्या, नळ्या, स्क्रूची डोकी, सगळं हुबेहूब. स्वतःवरच खूश झालो.

दुपारी चार वाजता: इंजिन फ्रेममध्ये जात नाही. ते आत ठेवून मग फ्रेम बंद करायची होती म्हणे. कागदावर तसं चित्र आहे, आणि चित्राला लाल चौकटसुद्धा आहे. तिरकं घालून पाहिलं, उलटं घालून पाहिलं, साबण लावून पाहिलं.

पाच वाजता: फ्रेम सुटत नाही. ग्लूची तारीफ मागे घेतो.

१७ फेब्रुवारी

व्हॅनमध्ये एकदम सुचलं. इलेक्ट्रिक! हल्ली इंजिन असतंच कुठे? काळाच्या पुढचं मॉडेल होईल. चूक नव्हतीच ती, माझ्या हाताला आधीच कळलं होतं. आईने इंजिन उचलून हे कुठे बसतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते जुन्या जमान्याचं आहे. तिने ते चिंध्यांच्या डब्यात बटणांबरोबर ठेवून दिलं.

२३ फेब्रुवारी

रंगकाम. रंगावर धूळ बसू नये म्हणून जाणकार लोक बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करतात, धूळ खाली बसते आणि मग स्प्रे मारतात, असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. व्हिडिओ पुढे लांबत होता, म्हणून तिथेच बंद केला. भरपूर वाफ केली. मलाच मी दिसेना. बाहेर आई आणि ही टॉवेल घेऊन उभ्या. कलेला वेळ लागतो, असं आतूनच सांगितलं.

टाकी बाहेर काढली तर लाल रंगावर पांढुरकी साय. पुसून जात नाही. खोका जिथून आणला त्या दुकानदाराला फोन केला. त्याने आधी विचारलं, वाफ विरायची वाट बघितली का. म्हटलं, कशाला? अशा ओल्या हवेत हा रंग कधीच मारत नाहीत म्हणे.

तरी ठीक आहे. याला व्हिंटेज फिनिश म्हणतात. आता गाडी व्हिंटेज इलेक्ट्रिक.

४ मार्च

टाकीवर लावायचा स्टिकर पाण्यात भिजवून अलगद सरकवायचा असतो. सरकवला. टाकीऐवजी माझ्या अंगठ्यावर बसला आणि वाळला. आज दिवसभर मोटरसायकल कंपनीची पंखवाली मुद्रा मिरवत झाकणं तपासली. साहेबांनी अंगठ्याकडे बघितलं, विचारलं काही नाही. माणूस घाबरला असणार.

१५ मार्च

या आठवड्यात हात लावला नाही. घाई केली की काम बिघडतं. शिवाय ग्लूच्या वाफेने हेडलाइटच्या काचेला मोतीबिंदू झाला आहे, त्यावर विचार चालू आहे. ही रोज विचारते, किती राहिलं. तिला एवढी कसली घाई तेच समजत नाही. गाडी मला घ्यायची आहे.

पुढचं चाक फिरत नाही. उभ्या गाडीला काय फरक पडतो?

२२ मार्च, शनिवार

भलतंच झालं. जेवताना हिने सांगून टाकलं, अट रद्द. मॉडेल राहू दे, उद्या सकाळी शोरूमला जाऊ.

मी उड्या मारायला हव्या होत्या. मारल्या नाहीत. मी म्हटलं, अट म्हणजे अट, मी तत्त्वाचा माणूस आहे. निदान हँडल तरी बसू दे. ती म्हणाली, हँडल तिथे बसवलेलं मिळतं. आई हसली.

रागाने उठून हँडल बसवायला गेलो. मोडलं.

२३ मार्च, रविवार

शोरूम. सेल्समन फारच उत्साही. मला गाडीवर बसवलं. टाचा जमिनीला टेकेनात आणि गाडी चांगलीच कलली. त्यानेच हँडल धरलं, म्हणून निभावलं. टेस्ट राइड घ्या म्हणाला. मी आधी कंबर दुखते सांगितलं, मग चष्म्याचा नंबर, मग बाहेरचा ट्रॅफिक. तिन्ही कारणं खरी आहेत.

सेल्समनने सहज हिला विचारलं. हिने लायसन्स काढून दाखवलं आणि पर्स माझ्या हातात दिली. लग्नाआधी भावाची मोटरसायकल चालवायची म्हणे, आजही विसरलेली नाही. मला कधी बोलली नव्हती. मी विचारलंही नव्हतं. पदर खोचून, म्हणजे ओढणी कमरेला घट्ट बांधून, हेल्मेट चढवून ती गेली. वळणावर दिसेनाशी झाली. मी पर्स धरून काचेपाशी उभा. सेल्समनने मला चहा दिला. दुसराही दिला.

परत आली तेव्हा गाल लाल झाले होते आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत बघितलेलं नाही. मग माझ्याकडे बघून शांतपणे बोलली.

"तुम्ही ते पूर्ण कराल आणि मग आपल्याला एकदाचं निघता येईल, म्हणून आणला होता तो खोका. मीही याच घरात असते ना दिवसभर."

मी तिची पर्स तिला परत दिली. बुकिंग तिच्या नावावर झालं.

२९ मार्च

विचार करता वाटतं, मागे बसणंच बरं. हात मोकळे राहतात, आजूबाजूचं बघता येतं, वाट सांगता येते. खरं तर मूळ कल्पना माझीच. तिला तसं सुचवलं. बघू म्हणाली.

मॉडेलचं पुढचं चाक आज फिरलं. निखळून.

६ एप्रिल, रविवार

काल गाडी आली. काळी. आज सकाळी ही चावी घेऊन निघाली, तेव्हा मी बूट घालून तयारच होतो. ही म्हणाली, आधी आईंना फिरवून आणते, त्यांनी कधीपासून सांगून ठेवलंय. आई नवं हेल्मेट घालून चपळपणे मागे बसली. मी वाट सांगायला लागलो, तोवर दोघी कोपऱ्यावरून वळल्या.

अकरा वाजले. अजून आल्या नाहीत. टीव्ही बंद, शिवणयंत्र बंद, घर एकदम शांत. मॉडेलला हात लावायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. लावला नाही. बूट घालून खुर्चीत बसलो आहे.

मी येतो का, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आज नको म्हणालो असतो, आणि दोघींनाही ते माहीत आहे.