ब्रेकवर पाय कुणी ठेवायचा

प्रिय चिमणे,

टिक्... टॉक्... टिक्... टॉक्... आठवतो का बाबांच्या गाडीच्या इंडिकेटरचा तो संथ आवाज? शाळेच्या वळणावर गाडी थांबली की मागच्या सीटवर आपण दोघं त्याच ठेक्यावर कविता घोकायचो. (दुसऱ्या कडव्याला तू हमखास अडखळायचीस.) आशीर्वाद आधी लिहायचे राहिले, ते इथे घे. गुडघा कसा आहे?

तर परवा वळणावर मी तीच कविता गुणगुणत होतो आणि दुसऱ्याच ओळीत माझा दम तुटला. इंडिकेटर दुप्पट वेगाने धावत होता. वृत्त बिघडलं म्हणजे कुठला तरी दिवा गेला, हे मी तिथेच ताडलं. (तुझी वहिनी म्हणाली, "मागचे हॉर्न वाजवतायत, आधी वळा.") मागचा डावा बल्ब गेला होता. नवा बसवला, ठेका सुधारला. पण आता ब्रेक दाबला की शेजारचा इंडिकेटरही उगाच मिणमिणतो, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. कोपऱ्यावरचा वायरमन म्हणाला, "दिव्याची गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर गंजली असेल, घासून बघा."

घासेन गं, पण गुण आला की नाही हे बघणार कोण? ब्रेकवर पाय ठेवावा तर मागे जाता येत नाही, मागे जावं तर ब्रेक सुटतो. (वीट ठेवून पाहिली. ती क्लचवर पडली.) वहिनीला बसवलं, तर मी मागे पोचेपर्यंत ती पाय काढते. "लागला का?" "नाही." "मग मी काय इथे झोपा काढतेय?" असा आमचा संसार. आणि दिवे धड झाल्याशिवाय ती या गाडीतून लांबच्या रस्त्याला यायला तयार नाही. तुला न्यायला येतो असा शब्द देऊन मला महिना झाला.

तुझा,
दादा

ता. क. हवापालटाला ये, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. वरची खोली रंगवून घेतलीय, तुझं टेबल खिडकीशी लावलंय. चार दिवसांच्या पाहुणीसाठी कोणी खोली रंगवत नाही, चिमणे. आता एकटी राहू नकोस.

आणखी एक ता. क. वायर घासून झाली. वहिनी ब्रेक दाबून गाडीतच बसलीय. मी फक्त चष्मा न्यायला आत आलो होतो, तर समोर हा अर्धा कोरा राहिलेला कागद दिसला.

बाहेर कुणीतरी म्हणतंय, "लागला गं वहिनी, नुसता ब्रेकचाच दिवा. काढ आता पाय." आवाज शेजारणीचा नाही. दाराशी बॅग टेकवल्यासारखं वाजलं. बेल न वाजवता कुणी कविता म्हणतंय, आणि दुसऱ्या कडव्याला अडखळलंय.