न मारलेली टिचकी

अण्णा, तुमच्या नातीच्या सायकलची चाकं बदलायची आहेत. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती जन्मायच्या आधीच गेलात, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं असं मला हल्ली वाटतं. सतरा वर्षांची आहे. परभणीतल्या ह्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच असतो. तिचे वडील जाऊन पाच वर्षं झाली. तिची सायकल तुमच्या दुकानातल्या सायकलींसारखी नाही. खाली वाकलेलं हँडल, बोटाएवढे बारीक टायर, मागं गिअरच्या सात चकत्या. शर्यतीची म्हणून घेतली खरी, पण शर्यतीच्या सायकलींतली सगळ्यात स्वस्त. स्वस्तात देणारा कुठंतरी हात आखडता घेतोच, ह्यानं तो चाकांत घेतला. रविवारी तिच्या निवडीची शर्यत आहे. निवडली गेली तर पुण्याला वसतिगृहात राहील, तिथंच शिकेल, तिथंच सराव करेल. त्याआधी ही चाकं काढून चांगली बसवली पाहिजेत, नाहीतर सायकल अर्ध्या वाटेतच बसेल. नवी मागवलीत, अजून यायचीत. तोवर हात रिकामे म्हणून तुम्हाला लिहायलेय. तुम्ही होतात तेव्हा नऊ वर्षं तुमच्याशी धड बोलले नाही. आज लय बोलणार आहे. ऐकून घ्या, मधेच उठून दुकानात जायची सोय आता तुम्हाला नाही.

बोरीच्या स्टँडसमोरचं आपलं दुकान आठवलं की मला आधी आवाज ऐकू येतो. सकाळी कपाळावर विभूती ओढून तुम्ही बसता, सायकल उलटी टाकता, चाक गरकन फिरवता आणि रिमजवळ खडू धरता. जिथं खडू घासला तिथं चाक आऊट, म्हणजे वाकडं. मग तो गोल पाना घेऊन इकडची तार आवळायची, तिकडची ढिली करायची, परत फिरवायचं, परत खडू. खडू कुठंच लागेना झाला की दुसऱ्यांच्या दुकानात काम संपायचं. तुमचं संपत नव्हतं. तुम्ही खडू कानामागं खोचायचात आणि एकेका तारेला नखानं टिचकी मारत अख्खं चाक फिरायचात. टण्ण, टण्ण, टण्ण. एखादी तार बद्द बोलली की परत पाना. बाजाराला आलेला गडी बेजार होऊन म्हणायचा, "अवो अण्णा, झालं की सरळ, द्या की आता!" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "डोळ्याला सरळ दिसायलंय. कानाला न्हाई." तासाच्या भाड्यानं जायच्या मोडक्या सायकलीचं चाकसुद्धा तुमच्या टिचक्या खाल्ल्याशिवाय दुकानाबाहेर पडलं नाही. शिकवलंत तुम्ही दादाला, ज्याला त्यात काडीचा रस नव्हता. मी जवळ बसले की म्हणायचात, "हात काळे करून कुठल्या घरी नांदणारेस?" बघायला तेवढी बंदी नव्हती. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत राहायची, आणि बघून बघून शिकले.

सोळाव्या वर्षी जिल्ह्याच्या शर्यतीत माझं नाव गेलं. खेळाचे सर घरी येऊन सांगून गेले होते की मुलींत जी पहिली येईल तिला पुण्याच्या खेळाडूंच्या वसतिगृहात घेणार आहेत. तुम्ही त्यांना चहा पाजलात, हो-हो म्हणालात. शर्यतीच्या आदल्या दिवशी दिवे लागताना आई भाकरी थापायलीये, मी परातीजवळ बसलेय, तुम्ही उंबऱ्यात पाय धुवायलात. आईनं पाठमोरंच विचारलं, "आन् उद्या पोरगी पयली आली तर? पाठवताव का पुन्याला?" तुम्ही पाय पुसत म्हणालात, "आधी जिंकू तर दे." अण्णा, त्या चार शब्दांनी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला वाटलं, म्हणजे जिंकले तर नाही म्हणणार नाहीत. जेवण झाल्यावर तुम्ही आपणहून हाक मारलीत, "आण गं सायकल, मागचं चाक बघतो." मी उड्या मारत आणली. तुम्ही कितीतरी वेळ त्या चाकाशी बसलात, पाना फिरवत राहिलात. शेवटी चाक फिरवून मला दाखवलंत, खडू कुठंच लागत नव्हता. "झालं. जा, पड लवकर," म्हणालात.

परभणीहून पेडगाव आणि तिथून परत, एवढंच अंतर. पेडगावला वळले तेव्हा माझ्यापुढं एकही मुलगी नव्हती. मागं वळून बघितलं तर रस्ता रिकामा. परतीला दोनेक मैल आले असेन, बुडाखाली सायकल नागासारखी डोलायला लागली. मग एक तार तुटली, मग दुसरी, मग चाक दोन्ही बाजूंच्या चिमट्याला असं घासायला लागलं की पायडल हलेना. एकेक करून सगळ्या पुढं गेल्या. एकीनं थांबून विचारलं, "काय झालं गं?" मी तिला शिवी दिली, त्याची मला अजून लाज वाटते. सायकल ढकलत, मागचं चाक उचलून धरत मी परभणीपर्यंत चालत आले, तिथून एस्टीनं बोरीला. घरी आले तेव्हा दुकानात चार माणसं बसलेली. मी म्हणाले, चाक आऊट झालं अण्णा. तुम्ही त्या चौघांदेखत म्हणालात, "चाकाला कशाला बोल लावायलीस? बसणारीला बसायचं कळंना म्हणल्यावर चाक काय करील?" माणसं हसली. मी तेव्हा चाळीस किलोचीसुद्धा नव्हते. पण मी ते खरं मानलं. तीस वर्षं मी हेच धरून बसले की मला सायकलवर नीट बसता येत नव्हतं, माझ्यातच काहीतरी खोट होती. परत सायकलला हात लावला नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न लावून दिलंत, तेही मान खाली घालून केलं.

आता पोरीच्या चाकांचं ऐका. घेतल्यापासून मागचं चाक पंधरा दिवस काही टिकेना. कधी तार तुटायची, कधी चाक आऊट व्हायचं. दुकानदार म्हणाला, "ताई, हे मशीनवर तारा भरलेलं चाक हाय, कितीबी दुरुस्त करा, परत तेच. चाकंच बदलून टाका." मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, स्क्रू-पाने हातातलेच, म्हटलं आपणच बघू. तुमचा गोल पाना काढला. आठवतं? मी सासरी निघाले तेव्हा ताटवाट्यांच्या पेटीत तुम्ही तो फडक्यात गुंडाळून ठेवला होता. पेटी उघडली तेव्हा मला कळेना की ही थट्टा आहे का काय, रागानं मी तो पिठाच्या डब्यामागं फेकला होता. तर तो पाना घेतला, ओसरीत सायकल उलटी टाकली, आणि खडू धरून बसले. दुपार गेली, पण चाक असं सरळ आलं की खडूचा कणसुद्धा लागेना. पोरगी म्हणाली, "मम्मी, भारीच गं!" दुसऱ्या दिवशी झरी गावापर्यंत गेली आणि सायकल ढकलत परत आली. चाक पुन्हा डोलायलेलं.

मला पटेचना. खडू तर कुठंच लागत नव्हता! मी चाक काढून मांडीवर घेतलं आणि का कोण जाणे, तारेला टिचकी मारली. बद्द. दुसरीला मारली, तीही बद्द. डावीकडच्या सगळ्याच्या सगळ्या तारा ढिल्या होत्या, एकमेकींना धरून कशातरी सरळ उभ्या. म्हणजे चाक डोळ्याला सरळ दिसू शकतं, खडूला लागत नाही, आणि तरी ओझं पडलं की दहा-पंधरा मैलांत त्याचा खेळ खलास होतो. हे तुम्हाला ठाऊक होतं. जिल्ह्यात तुमच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते चाक मांडीवर घेऊन बसले आणि ती संध्याकाळ आठवायला लागले. पाना आठवला, खडू आठवला, "झालं" आठवलं. टिचकी आठवेना. लय वेळ बसले, पुन्हा पुन्हा तिथपर्यंत गेले. अण्णा, त्या संध्याकाळी तुम्ही एकाही तारेला टिचकी मारली नाहीत. मी चौकटीला टेकून तो आवाज ऐकायलाच उभी होते, आणि तुम्ही पाना डब्यात टाकलात.

मन मोठं करून म्हणते, दमला असाल, विसरला असाल. मग मला दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते. तुटल्या होत्या चार तारा. तुम्ही दुकान उघडल्या उघडल्या चाळीसच्या चाळीस काढून भंगारच्या पोत्यात टाकल्यात. एरवी तुम्ही चांगली तार कधी टाकली नाही, वाकडीसुद्धा ठोकून सरळ करून डब्यात ठेवायचात. आई म्हणालीसुद्धा, "सगळ्याच का काढल्याव?" तुम्ही पोत्याचं तोंड बांधलंत. ढिल्या तारा कुणी छेडून बघू नये म्हणूनच ना? "आधी जिंकू तर दे" म्हणजे काय, ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी समजलं. कळायला उशीर झाला म्हणून राग कमी होत असेल असं समजू नका. नाही म्हणायचं होतं तर तोंडावर नाही म्हणायचं होतं! मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि तुमच्यावर हक्कानं चिडले असते. तुम्ही माझा माझ्यावरचाच भरवसा ढिला केलात आणि वर चार माणसांत हसं केलंत. ह्याला माफी नाही, आणि तुम्ही ती कधी मागितलीही नाही. तो पाना म्हणजे माफी असेल तर ती मला नको.

का केलंत, हे कळत नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण कळतं. पोरगी एकदा पुण्याला गेली की ती आपली राहत नाही. सणावाराला पाहुण्यासारखी येते, दोन दिवसांत कंटाळते. मला हे कसं कळतं ते सांगते, म्हणजे हा कागद संपेल.

वर मी लिहिलं की नवी चाकं अजून यायचीत. ते खोटं आहे. चाकं येऊन बारा दिवस झाले. पोरगी सरावाला गेलेली असताना आली. मी खोकं उघडलं, एकेका तारेला टिचकी मारून बघितली, सगळ्या एका सुरात बोलल्या, एकही बद्द नाही. मग खोकं बंद केलं आणि ज्वारीच्या कोठीमागं सारलं, वर जुनी गोधडी टाकली. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिले. मधल्या दिवसांत जुन्या चाकाच्या अजून दोन तारा तुटल्या, त्या मी बदलून दिल्या, खडू लावून सरळ करून दिल्या, आणि टिचकी मारली नाही. आज दुपारी तिनं जेवताना विचारलं, "मम्मी, रविवारपर्यंत चाकं येतील ना गं? बसवायला वेळ लागेल की." मी भाजी वाढत म्हणाले, "आधी येऊ तर दे." शब्द तोंडातून गेले आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तिला काही कळलं नाही, ती जेवून उठली, आता ओसरीत त्या जुन्या चाकात हवा भरायलीये. पंपाचा आवाज येतोय मला.

खोकं मी कोठीमागून काढलंय. चाकं आजच बसवीन, तासाभराचं काम आहे. कधी आली म्हणून ती विचारेल, तेव्हा मी "आत्ताच" म्हणणार आहे. खरं सांगायची माझी छाती नाही, अण्णा. खोक्यावरची कुरिअरची चिठ्ठी मी नखानं सोलून काढली, तिच्यावर तारीख होती.