कडी सैल होती

२१ सप्टेंबर
इरावती आली. कॅनडाहून. केस आखूड, कपाळ मोकळं. घरातून हाकललेल्या बायकांना आसरा देणारी संघटना चालवते म्हणे. ज्या घरात आमच्या वडिलांनी, अण्णांनी, चार दिवस बाजूला बसणं कधी चुकू दिलं नाही, त्या घरातली मुलगी! धाकट्या बहिणीला घडवलं मी, बिघडवलं कॅनडानं.
संकल्प: दसऱ्यापर्यंत तिला वळणावर आणणे. आवाज न चढवता.

२२ सप्टेंबर, सकाळी
घट बसले. आवाज चढवला. चूक तिचीच. म्हणाली, देवीही बाईच आहे, तिला कुणी चार दिवस देव्हाऱ्यातून उठवत नाही. यावर मधुवंती हसली. पोटच्या मुलीला रागावलो. बहिणीला उत्तर उद्या.

२५ सप्टेंबर
उत्तर अजून तयार होतंय.
शनिवारी शाहूपुरीत तिचं भाषण आहे. घर सोडून परदेशी कशी गेले, हा विषय. म्हणजे माझा उल्लेख येणार. चार शब्द बोलायची तयारी ठेवलीय. कोट इस्त्रीला द्यायला सांगितला, तर श्यामला विचारते, तुम्हाला बोलावलंय का? बायको असून असे प्रश्न.

२७ सप्टेंबर, संध्याकाळी
डोकं तापलंय.
सुरुवात बरी होती. टोरांटोत पहिली दोन वर्षं एकटी राहायची, तरी चार दिवस गॅसला हात लावायची नाही. नुसता ब्रेड खायची. बघायला कुणी नव्हतं तरीही. मी मान डोलावली. याला संस्कार म्हणतात.
मग म्हणाली, बर्फात सासरच्यांनी बाहेर काढलेली एक बाई तिच्या दारात आली. पोटुशी, उपाशी. आणि हिचा तो दुसरा दिवस. हात पातेल्यापाशी जाऊन थांबला. ती बाई बघत राहिली. "त्या क्षणी मला माझीच चीड आली," इरावती म्हणाली. "मग भात टाकला. त्यानंतर कधी बाजूला बसले नाही, कुणाला बसू दिलं नाही."
टाळ्या. मी वाजवल्या नाहीत.
पुढे म्हणाली, पुण्यातल्या स्कॉलरशिपच्या मुलाखतीसाठी मला घरातून बाहेर काढणारी व्यक्ती इथेच बसलीय. मी कोटाचं बटण लावून उठलो.
"भावानं बाहेरून कडी घातली होती. ती धोंडुबाईंनी काढली."
आमच्याकडे भांडी घासायच्या त्या. पुढच्याच रांगेत होत्या. मी चप्पल शोधतोय असं दाखवून खाली बसलो.
कडी अण्णांच्या सांगण्यावरून घातली होती. शिवाय ती सैल होती.

२८ सप्टेंबर
धोंडुबाईंना गाठून जाब विचारला. मला न सांगता इरावतीला बाहेर नेलंच कसं?
"तुमच्याच म्होरनं न्हेली की," म्हणाल्या. "तुमी पेपरातनं मान वर केली न्हाईसा."
म्हणजे मी जाऊ दिलं. हे भाषणात यायला हवं होतं. इरावतीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, मी आतून दार वाजवत होते."
पटलं असावं. पुढे वाद घातला नाही.

३० सप्टेंबर
मधुवंती बाजूला बसली. गॅलरीत, चटईवर. इरावती ताट घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. ओरडलो. मग श्यामलानंही आपलं ताट उचललं. आणखी ओरडलो. तिघी गॅलरीत काहीतरी बोलत होत्या. मी टेबलाशी एकटा जेवलो. आमटी कुणी वाढली नाही.
उद्यापासून कडक धोरण.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी उठलो तर देव्हाऱ्यातला दिवा लागलेला. मधुवंतीनं लावला. तिसराच दिवस. श्यामलानं पुरण तिच्याकडूनच वाटून घेतलं, नैवेद्यही तिच्याच हातून दाखवला. चटई धुऊन वाळत टाकलीय. श्यामला म्हणाली, ती आता घालायची नाही.
पूर्ण विचार करून मी परवानगी दिली. मागितली कुणी नव्हती. दिली तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतंही.