हेल्मीची ऊब

लिहून ठेवणार: ताउनो केल्लोकुम्पू, वय एकोणऐंशी, घरं तापवणाऱ्या विटांच्या भट्ट्या बांधणारा गवंडी (निवृत्त), राहणार केमियार्वी, फिनलंड. डोकं ठिकाणावर आहे. हात कापतो तो वयाने, कोणाच्या धाकाने नव्हे. माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था मी स्वखुशीने पुढीलप्रमाणे लावतो.

१. आधी हेल्मी. हेल्मी म्हणजे माझी टॅरंटुला, तळहाताएवढी केसाळ कोळी, गुडघे नारिंगी, मूळची मेक्सिकोची. बावीस वर्षं माझ्याकडे आहे. दुकानदाराने तापपट्टी काचपेटीखाली ठेवायला सांगितली होती. मूर्ख! हिला उकडलं की ही खाली माती उकरते. खालूनच जाळ लावला तर बिचारी जाईल कुठे? मी पेटी भट्टीच्या पाठीला वीतभर अंतर सोडून ठेवली. एक कोपरा ऊबदार, एक गार, गार कोपऱ्यात पाण्याची वाटी. बाहेर उणे अडतीस असताना आत मेक्सिको नांदवला मी! याचा मला गर्व आहे, आणि तो मी कमी करणार नाही.

२. करणी, ओळंबा, हातोड्या माझी शिष्या साइला हिला. सांधे भरताना ती घाई करते. करू नये.

३. होडी आणि आईचे चांदीचे चमचे भाची मेर्या हिला. घर नाही. "मामा, घर विका नि त्या किड्याला प्राणिसंग्रहालयात द्या," असं ती माझ्याच टेबलावर माझीच कॉफी पीत म्हणाली होती. मी विसरलेलो नाही.

४. धाकटा भाऊ रेयनो याच्याशी मी अकरा वर्षं बोललो नाही. कारण नोंदवतो. हेल्मीने खाणं सोडलं होतं, सुस्त पडली होती. मी बर्फावर मासे धरायला गेलो होतो. आमच्यात माणूस आजारी पडला की आधी सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ काढायच्या खोलीत, बसवतात. या शहाण्याने पेटी उचलून सौनाच्या खालच्या पायरीवर ठेवली! मी आलो तेव्हा दगड तापत होते, हा पाणी ओतायला डाव घेऊन उभा, आणि हेल्मी पाय पोटाशी आवळून पडलेली.

"अरे, तिला बरं नव्हतं," म्हणाला.

"ती कात टाकणार होती, गाढवा!"

"मला काय ठाऊक? आई आपल्याला न्यायचीच की!"

हेल्मी वाचली. रेयनोला मी दार दाखवलं.

५. आता घर. गेल्या जानेवारीत माझं खुब्याचं हाड मोडलं. मी इस्पितळात, बाहेर वादळ, गावात चार दिवस वीज नाही. हेल्मी गारठून मेली असणार म्हणून मी लहान मुलासारखा रडलो. शेजारीण हिल्काचा फोन आला. "गप रे, रडतोस काय! तुझा भाऊ भट्टीपाशी बसलाय. जाडे हातमोजे घातलेत, डोळे अर्धे मिटलेत, पण बसलाय." रेयनो लहानपणापासून घरातल्या साध्या कोळ्यालाही घाबरतो.

मी परतलो तेव्हा तो निघून गेला होता. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने चार दिवसांचा पारा लिहिलेला, दर तीन तासांनी. चोवीस, पंचवीस, चोवीस. तेविसाच्या खाली एकदाही नाही. माझ्या भट्टीवर माझ्याइतकाच हात बसलेला माणूस या गावात आहे, आणि तो माझा भाऊ आहे! सगळ्यांत खाली लिहिलं होतं: "सौनात नेली नाही."

म्हणून घर, भट्टी, बर्चची रचलेली लाकडं आणि हेल्मी, सगळं रेयनोला. ते दार कोणी रंगवू नये.

६. मेल्यावर वाचून काय उपयोग? याची एक प्रत आजच टपालाने रेयनोला जाईल. रेयनो, शनिवारी ये. सौना तापवतो. हेल्मी भट्टीपाशीच राहील.

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर:
हिल्का युन्तुनेन, शेजारीण (सही)
ओनेर्वा सातो, ग्रंथपाल (सही)

ताउनो केल्लोकुम्पू (सही)
केमियार्वी, सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४