त्रेसष्ट सेक्टरची पट्टी

मंगळवार, १८ नोव्हेंबर

परत भांडण! विश्वजीत सरांना एकच बटन पाहिजे — दाबलं की 'पाटी' बसली पाहिजे. गावातल्या शाळांचे जुने संगणक अन् त्यांच्यावर 'पाटी', आपली मराठी सिस्टिम. "मेघा, मास्तर लोकांना प्रश्न विचारत बसू नको." बरं! अन् डिस्कवर आधीचं जे काही आहे ते जपायचं कोणी? मीच ना! पार्टिशन म्हणजे डिस्कचे भाग पाडणं अन् बूट म्हणजे मशीन सुरू करणं, दोन्ही माझ्याच गळ्यात.

शेवटी ठरलं ते असं. जुन्या विंडोजला हात लावायचा नाही. डिस्कच्या शेवटी मोकळी जागा असेल तिथं 'पाटी'. अन् मशीन सुरू झालं की माझा बूटचा कोड आधी जुनी सिस्टिम नीट उघडते का ते बघणार, मगच 'पाटी' दाखवणार. सर "ठीक आहे" म्हणाले, पण तोंड वाकडं करूनच.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ऑफिसातली सहाही मशिनं बूट झाली! मुनीब म्हणतो, "हौ, अब पार्टी दे." पडद्यावर जे दिसतं ते तो करतो, त्याच्या खालचं न दिसणारं मी. उद्या पिशोर. पहिली खरी शाळा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आत्ताच पिशोरहून आले.

संगणक जहांआरा मॅडमचा. शाळेचं सगळं लिखापढीचं काम त्याच बघतात. सहा वर्षांचे निकाल, पोरांच्या दाखल्यांचे स्कॅन, सगळं त्या एकाच डब्यात. कॉपी आहे का विचारलं तर म्हणाल्या, "कॉपी कशाला? चालतोय ना चांगला!" तिथंच थांबायला पाहिजे होतं मी. नाय थांबले! काम लावलं, अन् मॅडमनी पोहे केले होते म्हणून शेजारच्या खोलीत जाऊन बसले. गप्पांत तास गेला.

पावणेपाचला परत आले तर काळा पडदा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय, बाकी काही नाही. तीनदा बंद करून चालू केलं. तेच.

मॅडमचा चेहरा उतरला. "मेघाताई, दहावीच्या फॉर्मांची मुदत बुधवारपर्यंत आहे हो!" दारात कडूबामामा उभे होते, शाळेचे शिपाई. शाळा सुटली की साडेचारला लाईटचं मेन बटन पाडायचं, हे त्यांचं रोजचं काम — मॅडमनीच दुपारी सांगितलेलं. मला ते एकदम आठवलं. "मामा, तुम्ही मेन बटन पाडलं का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. पाडलं." जरा थांबून, "मंग वर केलं."

झालं! लिहिता लिहिता लाईट गेली, डिस्क बिघडली — सगळ्यांना पटलं. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. डिस्क काढून सोबत आणलीय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

माझ्याच प्रोग्रामनं पेनड्राइव्हवर टिपून ठेवलेलं आज वाचलं. शेवटची ओळ — 'सर्व काम पूर्ण. मशीन पुन्हा सुरू.' वेळ चार वाजून सात मिनिटं.

मामांचं बटन साडेचारचं. लाईटचा काही संबंधच नाही!

दुपारपर्यंत डिस्कचा सेक्टर न् सेक्टर, म्हणजे कप्पा न् कप्पा तपासला. आमच्या बिडकीनच्या शेतात जसे बांध, तशी डिस्कवर पार्टिशनं. पहिल्या बांधाच्या आधी एक मोकळी पट्टी असते, बूटचा कोड तिथं बसवायचा. हल्लीच्या डिस्कवर ही पट्टी २०४८ सेक्टरची. मी तेवढीच धरून चालले. मॅडमची डिस्क जुनी — पट्टी फक्त ६३ सेक्टरची! कोड त्यात मावला नाही अन् सरळ विंडोजच्या पार्टिशनमध्ये घुसला. बांध कोरला मी. दुसऱ्याच्या रानात शिरले, अन् ते मोजायचं साधं कामसुद्धा केलं नाही. ऑफिसातल्या सहाही डिस्क नव्या, तिथं कसं सापडणार? गाढव आहे मी.

रविवार, २३ नोव्हेंबर

मिळालं!! पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरची, म्हणजे मी पुसला त्याचीच, एक नक्कल पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. ती पुढं आणून लिहिली अन् सगळं उघडलं. निकाल, दाखले, एकूण एक फाईल. काल डोळ्यांतून टिपूस नव्हता, आज मात्र ढसाढसा रडले.

कोडमध्ये मोजणी घातली. पट्टी अपुरी असेल तर काही लिहायचं नाही, थांबायचं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मुनीब डिस्क बसवून आला. मॅडम लई खूश. पण येताना बातमी घेऊन आला — कडूबामामांना शाळेच्या संस्थेची नोटीस. अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर आहेत ते, ही ऑर्डर तीस तारखेला संपते. निष्काळजीपणा केला म्हणून पुढची देणार नाहीत. "बेचारा, एक बटन के वास्ते," मुनीब म्हणाला.

त्याला खरं माहीत नाही. मी सांगितलं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

कोड दुरुस्त झाला. डेटा मिळाला. कोणाला कळणार? चाळीस शाळांचं काम सरांच्या हातात येतंय. बोलले तर ते जाईल, अन् त्यासोबत मीही. दिवसभर एक ओळ लिहिता आली नाही. आईशी फोनवर उगीच भांडले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सरांना सगळं दाखवलं. मग म्हणाले, "डेटा मिळाला ना? कशाला उकरून काढतेस?" मी विचारलं, मामांचं काय? "अगं, त्यांनी स्वतःच कबूल केलंय!"

हे वाक्य गेले पाच दिवस मीही मनात घोळवतेय. त्यांच्या तोंडून ऐकलं अन् किळस आली — त्यांची नाही, माझीच. मुनीबलाही सांगून टाकलं. तो चिडला. मग म्हणाला, "सुबह गाडी लाता मैं. चल."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

चूक माझी, असं संस्थेला लेखी दिलं. नोटीस मागं घेतली. नवीन ऑर्डर देतो म्हणाले. बाहेर मामा भेटले. मी हात जोडले, "मामा, तुम्ही बटन पाडल्यानं काहीच झालं नव्हतं."

"म्या पाडलंच नव्हतं ताई. तवा नळावर व्हतो."

"मग व्हय का म्हणालात?"

"तुम्ही इचारलं ना. इतक्या शिकलेल्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."