मस्कलची बोंब

अल क्वोज, लेबर कॅम्प

दर्शना,

इथे आखातात साईटवर मी खाली स्टोअरलाच असतो, असं तुला सांगितलंय ते खोटं आहे. मी एकतिसाव्या मजल्यावर बाहेरून परांची बांधतो. गेल्या सोमवारी पाय सटकला आणि सेफ्टी बेल्टला लटकलो. तोंडातून आवाजसुद्धा फुटला नाही. माझ्या जोडीदाराने, गिर्माने, वर ओढलं. तो इथिओपियाचा.

काल तोच मला त्यांच्या मस्कल नावाच्या ख्रिस्ती सणाला घेऊन गेला. चर्चच्या आवारात उंच वासा उभा केलेला, भोवती लाकडं, वर पिवळी फुलं. अगदी आपल्या शिमग्यातली होळी गं! पांढऱ्या कपड्यांतल्या बायका गात होत्या. आग लागली तसा माझा पालथा हात आपोआप तोंडावर गेला आणि मी बोंब मारली. सगळे वळून बघायला लागले. लाजून थांबणार, तेवढ्यात वासा कलला. तो कुठल्या बाजूला पडतो त्यावरून पुढचं वर्ष कसं जाईल ते सांगतात, म्हणून बघायला सगळे पुढे सरकले, आणि मला त्याच्या जागी मीच दिसलो, बेल्टशिवाय. मग हात खाली आला तरी बोंब थांबेना. गिर्माने मला मागून घट्ट धरलं. "खलास हबीबी, खलास," झालं रे, संपलं, असं म्हणत होता, पण पकड काही सोडेना.

उद्या आम्हा दोघांना परत चढायचंय.

हे पत्र गादीखालीच राहील. आज फोनवर तू विचारशील, आवाज का बसलाय. एसीनं, असं सांगेन.

तुझाच,
सुदेश